हळू आवळा की ओ!

सांगलीत गाडी दुरुस्त करणं ही खासगी बाब नाही. लग्न एक वेळ रजिस्टर पद्धतीनं चार माणसांत उरकता येईल, पण बॉनेट उघडलं की गल्ली जमते. आणि माणूस थेट गाडीखालीच शिरला, नुसते पाय बाहेर दिसायला लागले, की रस्त्यानं जाणारा दूधवालासुद्धा मोटरसायकल स्टँडला लावतो. "काय झालंय?" असं तो विचारतो आणि उत्तर यायच्या आत काय झालंय ते स्वतःच सांगतो.

त्यामुळे विश्रामबागेतल्या आमच्या शेजारच्या सरांनी आपल्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचा चेंबर आणि त्याचं पॅकिंग घरीच बदलायचं ठरवलं, तेव्हा हे काम त्यांना एकट्याला करू दिलं जाणार नाही हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. सर इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी फळ्यावर गिअर फिरवले, त्यातला एकही कधी गळला नाही.

गाडी मात्र गळायला लागली. पोर्चमधल्या फरशीवर सकाळी लाल थेंब दिसले. दारात लाल डाग म्हटल्यावर काकूंच्या मनात जे यायचं ते आलं, आणि आसपास लिंबू पडलंय का हेही त्यांनी गुपचूप बघून घेतलं. सरांनी पांढरा पुठ्ठा आणून गाडीखाली सरकवला. पुठ्ठ्यावर काळं पडलं तर इंजिन ऑईल, हिरवं पडलं तर बहुधा कूलंट, नुसतं पाणी असेल तर एसीचं, त्याची चिंता नको. आणि लाल, बोटांना गुळगुळीत लागणारं असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. ते मुळात लाल नसतं. दुसऱ्या तेलाशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात रंग घालतात. हे कळल्यावर काकू निर्धास्त झाल्या आणि सर चिंतेत पडले.

निर्धास्तपणा फार टिकला नाही, कारण सरांना माहिती दिल्याशिवाय राहवत नाही. या तेलात पूर्वी व्हेल माशाचं तेल मिसळत असत, असं त्यांनी जेवताना सांगितलं. ते खरंही आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत स्पर्म व्हेलचं तेल गिअरबॉक्सच्या तेलात वापरलं जाई; पुढे व्हेल वाचवण्यासाठी कायदे आले, ते तेल बंद झालं आणि पर्यायी रसायनं नीट जमेपर्यंत तिकडचे गिअरबॉक्स बरेच कुरकुरले. पण काकूंचा श्रावण चालू होता. "आता नसतं गं त्यात," असं सर म्हणाले तोवर निकाल लागला होता: त्या तेलाला हात लावला तर आंघोळ करूनच घरात यायचं.

मुळात सरांची गाडी ऑटोमॅटिक असणं हाच गल्लीला आक्षेप होता. हल्ली ज्या स्वस्त ऑटोमॅटिक गाड्या दिसतात, 2014 च्या सेलेरिओपासून ज्यांचं पेव फुटलं, त्यांच्यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. सरांची गाडी त्याआधीच्या घराण्यातली, टॉर्क कन्व्हर्टरवाली. तिच्यात इंजिनाच्या बाजूची पाती तेल फेकतात आणि त्या तेलाच्या रेट्यानं समोरची पाती फिरतात. हे सरांनी समजावून सांगितलं तेव्हा तासगावकडचे आमचे आप्पा, ज्यांची द्राक्षबाग आहे आणि ट्रॅक्टरवर हयात गेली आहे, बराच वेळ गप्प बसले.

"म्हंजे मधी लोखंडाला लोखंड लागतच न्हाई?"

"गाडी निघताना तरी नाही."

"नुसत्या तेलावर चाललीया?"

"हो."

"आन् त्येच गळालंय?"

इतका नेमका निदानात्मक प्रश्न सरांना कोणत्याही तोंडी परीक्षेत ऐकायला मिळाला नसेल.

चेंबर म्हणजे गिअरबॉक्सच्या पोटाखालचा पत्र्याचा उथळ डबा. त्यात तेल साठतं, फिल्टर बुडून राहतो आणि तळाशी लोहचुंबक चिकटलेलं असतं. डबा आणि गिअरबॉक्स यांच्या मधे पॅकिंग, आणि कडेनं ओळीनं बारके बोल्ट. वर्षानुवर्षं शेकून शेकून पॅकिंग कडक होतं, त्याची दाबून बसायची ताकद जाते आणि तेल वाट काढतं. सरांच्या गाडीत स्पीडब्रेकरचाही हातभार होता. उसाच्या ट्रॉल्या हळू जाव्यात म्हणून एका गावानं आपल्या अंदाजानं उंचवटा घातला होता. त्यानं सरांच्या चेंबरला चांगला पोचा पाडला. ट्रॉल्या अजून पूर्वीच्याच वेगानं जातात.

एका सर्व्हिस सेंटरनं पूर्ण असेंब्ली बदलायचा आकडा सांगितला. तो ऐकून सरांनी घरी येऊन गाडीचं पुस्तक उघडलं. पुस्तकात कृती दीड पानाची होती. दीड पानाच्या गोष्टीला एवढे पैसे कोण देईल? इथे सरांमधला सांगलीकर जागा झाला.

या जिल्ह्यात माणसाला असा आत्मविश्वास येतो त्याला कारणं आहेत. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर, औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या जागेत, किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर काढले. शेतकरी आधी त्यांना हात लावायला तयार नव्हते, मग तेच नांगर घराघरांत गेले. तिथून फार लांब नाही ते देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातले भाग जमवून साधारण 60 हजार रुपयांत एक छोटी जीप उभी केली. ती स्कूटरसारखी किक मारून सुरू होते. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ पाहिला, ही गाडी नियमांत बसणार नाही हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळालीही. आमच्या गल्लीत ही गोष्ट चेंबरच्या निमित्तानं निदान पाच जणांनी सांगितली आणि प्रत्येकाचा शेवट एकच: "त्यानं आख्खी गाडी केली, तुमचं तर नुसतं पॅकिंग हाय." लोहारांचा हात लोखंडावर आयुष्यभर बसलेला आहे, हा तपशील कोणालाच महत्त्वाचा वाटला नाही.

पॅकिंग मिळवायला मात्र वेळ लागला. "ओरिजिनल पुण्यास्नं येणार. तवर शीटचं कापून देऊ काय?" असं दुकानदारानं विचारलं. पॅकिंगची शीट चेंबरच्या कडेवर ठेवायची, गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके द्यायचे, की नेमका आकार कापून निघतो. ही खरी कला आहे. शंभर फुटी रोडवर ती येणारे जुने कारागीर अजून भेटतात, आणि हातोडी पडताना ते शीटकडे न बघता गिऱ्हाइकाकडे बघून बोलत असतात. स्कूटरच्या जमान्यात तर शीटही लागत नसे. जाड लग्नपत्रिका असली की भागे. कितीतरी लोकांनी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ कार्ब्युरेटरखाली दाबून निम्मा महाराष्ट्र हिंडून पाहिला. बँकेतून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी सरांना आपल्या नातीच्या लग्नाची उरलेली पत्रिका खरोखरच आणून दिली. सर म्हणाले, तापलेल्या तेलापुढे ती टिकणार नाही. काका म्हणाले, चांगली तीनशे जीएसएमची आहे, आणि जरा दुखावलेच.

अखेर पॅकिंग आलं, फिल्टर आला, नवा चेंबर आला. रविवार ठरला. पाऊस उघडला होता.

सरांनी गाडी जॅकवर घेतली, खाली चार स्टँड लावले, चाकांना ठोकळे लावले आणि गाडी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. एवढा वेळ जमलेल्यांना कंटाळा आला. "जॅक हाय की, स्टँड कशाला?" असं दोघांनी विचारलं. सरांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी त्यांनी गल्लीचं जे जे ऐकलं नाही, त्यातली ही सर्वांत शहाणी गोष्ट. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली जाऊ नये. जॅक बसतो तो सांगून बसत नाही.

तेल कशात धरायचं यावर घरात चर्चा झाली. पुरणाची मोठी परात मापाला अगदी बरोबर होती, हे सरांनी टेपनं मोजूनही दाखवलं. काकूंनी परात आत नेली आणि 2019 च्या महापुरात गावभागातले पाहुणे राहायला आले होते तेव्हा घेतलेला प्लास्टिकचा टब बाहेर पाठवला.

चेंबरला खाली तेल सोडायचं बूच नसेल, आणि सरांच्या चेंबरला ते नव्हतं, तर रीत अशी: एका बाजूचे बोल्ट थोडे ठेवून बाकीचे काढायचे, चेंबर एका कोपऱ्याला झुकवायचा आणि तेल हळूहळू टबात घ्यायचं. पुस्तकात असंच लिहिलंय. पुस्तकात हे लिहिलेलं नाही की जुनं पॅकिंग चिकटून बसतं, चेंबर हलत नाही, माणूस पाना ठेवून अंगठ्यानं जरा जोर देतो आणि मग ते सगळं एकदम सुटतं. तेल कोपरावरून बगलेत गेलं. गाडीखालून जो शब्द आला तो सरांच्या एकाही विद्यार्थ्यानं कधी ऐकलेला नसेल. गल्लीला मात्र तो लगेच समजला आणि वातावरण मोकळं झालं.

टबात जेमतेम निम्मं तेल आलं. "बाकीचं कुठं गेलं?" असा संशय बँकेतल्या काकांनी घेतला. ते टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं, चेंबर काढला तरी खाली येत नाही. शिल्लक आहे पण काढता येत नाही, हे सांगलीच्या ठेवीदाराला पटायला वेळ लागत नाही.

आता परीक्षण सुरू झालं. तेल दुधाळ गुलाबी निघालं असतं तर आत पाणी शिरलंय असं समजायचं. महापुरानंतर बुडालेल्या गाड्यांमधून तसलं तेल निघालेलं अनेकांनी पाहिलंय. सरांचं तेल गडद तपकिरी होतं. हळदीच्या पेठेत व्यापार असलेल्या एका गृहस्थांनी बोटावर घेऊन वास घेतला, डोळे मिटले आणि "जरा भाजलंय, पर माल वाईट न्हाई," असा निर्वाळा दिला. वास घेणं ही खरी पद्धत आहे. तेल फार तापलं तर जळका वास येतो. गृहस्थ नाकानं हळदीची प्रत ठरवतात, त्यांना गिअरबॉक्स काय अवघड?

लोहचुंबकावर काळा, मऊ लगदा होता. आतल्या चकत्या आणि गिअर झिजतात त्याचा तो बारीक भुगा. जुन्या गाडीत तो सापडणारच. तुकडे किंवा दातांचे कपचे सापडले तर घाबरायचं. तळाशी थोडी पिवळी चमक दिसली तेव्हा विट्याचे पाहुणे पुढे सरकले. विटा-खानापूर भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, तेव्हा चमकेबद्दल त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी चिमटीत घेऊन उन्हात धरलं. "पितळंची जात हाय. गाळून परवडायचं न्हाई."

मग खरवडणं. गिअरबॉक्सची कड ॲल्युमिनियमची असते. तिथे पटाशी लावली की चरा पडतो, आणि चऱ्यातून तेल पुन्हा वाट काढतं. बँकेतल्या काकांनी खिशातून एक जुनं एटीएम कार्ड काढून दिलं. बँक केव्हाच बुडाली होती. कार्डानं जुनं पॅकिंग सुरेख निघालं. त्या बँकेकडून एवढी वसुली झाली याचं समाधान काकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

नवं पॅकिंग कोरडंच बसवायचं होतं. इथे गल्लीनं पहिला खरा विरोध केला. "थोडं सिलिकॉन मारा की, दोन्ही बाजूंनी!" पुस्तक नको म्हणत असेल तर मारू नये. दाबल्यावर जादाचा गम आत सरकतो, त्याचे तुकडे सुटून तेलात फिरतात आणि फिल्टरला जाऊन बसतात. पण 'जरा जास्त लावलेलं बरं' यावर आमच्याकडे चहाच्या साखरेपासून लग्नाच्या मांडवापर्यंत एकमत आहे.

आणि मग बोल्ट आवळायची वेळ आली.

हे सगळं काम अवघड नाही. अवघड आहे ते थांबणं. सरांच्या पुस्तकात आकडा होता 10 न्यूटन-मीटर. म्हणजे 15 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सातेक किलोचा भार. पोराची शाळेची पिशवी टांगली तर काम व्हावं एवढंच. त्याहून जास्त जोर दिला तर पॅकिंग बोल्टपाशी चिरडून बाहेर येतं, चेंबरची कड तिथे खोलगट होते, दोन बोल्टांच्या मधे ती उचलली जाते आणि गळती थांबायच्या ऐवजी वाढते. सरांच्या जुन्या चेंबरला अशा खोलगट वाट्या पडलेल्या होत्या. आधी कोणीतरी प्रेमानं आवळला होता. म्हणून मधून कडेकडे, समोरासमोरच्या जोडीनं, सगळे बोल्ट आधी हातानं, मग दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळायचे. सरांनी टॉर्कचा पाना आणला होता. ठरलेला जोर आला की तो 'टिक' करतो.

टिक झाली. सर थांबले. गल्लीत शांतता पसरली.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

"अजून अर्धी आटी बसतीय बघा त्यात," आप्पा म्हणाले. ट्रॅक्टरचा नट पान्याला पाइप लावून, त्यावर उभं राहून आवळायचा असतो, या विद्यापीठातून ते आलेले. त्यांच्या शेजारी तालमीतला एक तरुण पहिलवान उभा होता. हा जिल्हा हिंदकेसरी मारुती माने यांचा; कवठेपिरानच्या या मल्लानं 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं होतं. तेव्हा गर्दीच्या नजरा साहजिकच पहिलवानाच्या दंडाकडे गेल्या. सरांचा हात पान्यावर घट्ट झाला.

पहिलवान वाकला, पान्याकडे बघून म्हणाला, "सर म्हंत्यात तेवढं बास. पकड बसली की सोडायचं. जादा दाबलं की हाड जातंय."

सर बाहेर आले, चहा घ्यायला बसले. पाना गाडीखाली राहिला. तिथे काही क्षणांनंतर कोण वाकलं होतं, हे पहिलवानाच्या ओरडण्यानं कळलं: "ओ काका! हळू आवळा की ओ!" तोवर कट् असा बारीक आवाज आला होता. ज्यांनी नोकरीच्या सगळ्या वर्षांत स्टेपलरपेक्षा जड हत्यार उचललं नव्हतं, त्या बँकेतल्या काकांनी कोपऱ्यातल्या एका बोल्टचे आटे घालवले. बोल्ट आता गोलगोल फिरत होता, कितीही फिरवला तरी कुठेच पोचत नव्हता.

"आधीच सैल होता," काका म्हणाले.

आटे गेले म्हणजे गिअरबॉक्स गेला असं नाही. भोक जरा मोठं करून नवे आटे पाडायचे, त्यात तारेची गुंडाळी बसवायची, की मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा बसतो. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारा सरांचा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी टॅपचा संच घेऊन आला. टॅपला भरपूर ग्रीस फासून, म्हणजे चुरा वर गिअरबॉक्समध्ये न जाता ग्रीसलाच चिकटेल, त्यानं उताणं पडून काम केलं. कॉलेजात तो याच विषयात दोनदा नापास झाला होता, असं तो स्वतःच सांगत होता. सर त्याला बॅटरी धरून उजेड दाखवत होते.

तेल भरताना सरांनी शहाणपणा केला. निघालेलं तेल लिटरच्या बाटल्यांत मोजून ठेवलं होतं, तेवढंच नवं नरसाळ्यानं घातलं. मग इंजिन सुरू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर एकेका खुणेवर नेला, परत पार्कवर आणला आणि काडी पुसून पातळी पाहिली. काडीवर दोन खुणा असतात, थंड असतानाची आणि तापल्यावरची. तापल्यावर तेल फुगतं, म्हणून थंड असतानाची पातळी तापल्यावरच्या खुणेशी जुळवायला गेलं की जास्त भरलं जातं आणि तेलाला फेस येतो. हे सर समजावत होते, पण सांगलीकराला पातळी समजावून सांगावी लागत नाही. आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका हे इथे पोराबाळांना पाठ असतं, आणि 2019 चे 57 फूट कोणी विसरलेलं नाही. काकूंनी खिडकीतून एवढंच विचारलं, "आता किती फुटांवर आहे?"

"इशाऱ्याच्या खाली."

"मग पुरे करा."

पुठ्ठा रात्रभर गाडीखाली ठेवला. सकाळी तो कोरडा होता. आप्पा, पहिलवान आणि दूधवाला यांनी स्वतंत्रपणे वाकून खात्री करून घेतली. बँकेतले काका आले नाहीत, पण त्यांनी नातवाला पाठवलं.

राहिला प्रश्न जुन्या तेलाचा. बाटल्या पोर्चमध्ये ओळीनं उभ्या होत्या. एकानं कुंपणाच्या लाकडांना वाळवीसाठी लावा म्हणून सांगितलं, दुसरा म्हणाला, "गटारीत ओता की, कोण बघतंय." असला सल्ला कुणी तुम्हाला दिला तर ऐकू नका. बाटल्यांची बुचं घट्ट लावा, इथे मात्र कितीही जोरानं आवळा, आणि जवळच्या गॅरेजात नेऊन द्या. तिथे जळक्या तेलाचं पिंप असतं आणि ते गोळा करून नेणारे येत असतात. आपल्या शहराचं सांडपाणी घेऊन शेरीनाला कृष्णेला मिळतो, आणि आपल्या नळाला पाणी कृष्णेचंच येतं.